टेस्ट रिपोर्टवर शिक्का आहे, पण अर्थिंग कुठाय? घर, गोठा आणि मोटारीच्या वायरिंगचे नियम नेमके काय सांगतात

मृगाचा पाऊस पडला की तालुक्याच्या बातम्यांत एक बातमी दरवर्षी ठरलेली. कपडे वाळत घालताना बाईला शॉक बसला, सोडवायला गेलेला नवरा किंवा मुलगाही गेला. बातमीत दोन शब्द येतात, "विजेचा धक्का" नाहीतर "शॉर्ट सर्किट". पुढं काय झालं, वीज तारेत कशी आली, कुणी काय केलं असतं तर ती आली नसती, हे बहुतेक वेळा छापून येत नाही. दहाव्यानंतर तीच तार परत बांधलेली असते.

खरं तर ही तार कशी बांधायची नाही, अर्थिंगचा पाइप किती खोल घालायचा, फ्यूज कुठल्या वायरीत टाकायचा, या सगळ्याचं लेखी उत्तर आपल्या देशात आहे. पुस्तकं आहेत, कायदाही आहे. फक्त ती पुस्तकं गावात वायरिंग करणाऱ्याच्या हातात नाहीत.

आधी कायदा आणि पुस्तक यातला फरक बघू. वर आहे विद्युत अधिनियम २००३. त्याखाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची सुरक्षेबाबतची नियमावली. ही २०१० साली आली, तिनं १९५६ च्या जुन्या भारतीय विद्युत नियमांची जागा घेतली, आणि आता २०२३ ची सुधारित नियमावली लागू आहे. ही मोडली तर तो कायद्याचा भंग. पण नियमावली सगळं बारीक सांगत नाही. बारीक सांगणारी पुस्तकं भारतीय मानक ब्युरोची, म्हणजे आयएसआयचा शिक्का देणाऱ्या संस्थेची. वायरिंगसाठी आयएस ७३२, जिची सध्याची आवृत्ती २०१९ ची. अर्थिंगसाठी आयएस ३०४३. आणि सगळं एका ठिकाणी गोळा केलेला जाडजूड ग्रंथ म्हणजे राष्ट्रीय विद्युत संहिता. ती पहिल्यांदा १९८५ साली आली, २०११ ला सुधारली, पुन्हा २०२३ ला सुधारली. या संहितेत शेतीच्या जागेसाठी स्वतंत्र भाग आहे. गोठा, पंपघर, शेतातली शेड यांना घरासारखं समजू नका, इथं ओल असते, उंदीर वायर कुरतडतात, जनावरं बांधलेली असतात, म्हणून जास्त काळजी घ्या, असा त्याचा सूर आहे. शेतकऱ्याच्या गोठ्याचा विचार दिल्लीत बसून कुणीतरी केलेला आहे, हे ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटेल.

आता मुद्द्याचं, अर्थिंग.

गावाकडं अर्थिंग म्हणजे घराच्या पायाशी ठोकलेला तीन फुटी लोखंडी गज आणि त्याला गुंडाळलेली जीआय तार. मोटारीला तर तेवढंही नसतं. स्टार्टरच्या पेटीला तार लावून ती बोअरच्या केसिंगला नाहीतर ओल्या मातीत खुपसलेली असते. आयएस ३०४३ सांगते ते वेगळं. पाइपाचं अर्थिंग असेल तर साधारण ४० मिलिमीटर व्यासाचा जीआय पाइप आणि लांबी किमान अडीच मीटर, म्हणजे आठ फुटांच्या वर. प्लेटचं असेल तर ६० बाय ६० सेंटिमीटरची प्लेट, आणि तिची वरची कड जमिनीखाली किमान दीड मीटर. भोवती कोळसा आणि मीठ, आणि उन्हाळ्यात पाणी ओतायला तोंड उघडं.

तीन फूट आणि आठ फूट, एवढा काय फरक पडतो? आयएस ३०४३ मध्ये याचं सूत्र दिलेलं आहे. ओलसर काळ्या रानात मातीचा रोध ३० ओहम-मीटर धरला, तर अडीच मीटरच्या पाइपाचा जमिनीशी रोध येतो साधारण १० ओहम. त्याच मातीत १६ मिलिमीटरच्या तीन फुटी गजाचा येतो २९ ओहम. मुरमाड माळ असेल आणि रोध २०० धरला, तर पाइप ७० ओहमवर जातो आणि तीन फुटी गज १९० च्याही पुढं. काळी माती पावसाळ्यात चांगली साथ देते, पण एप्रिल-मेमध्ये तिला भेगा पडल्या की गज नुसता हवेत उभा असल्यासारखाच. म्हणून दिवाळीत तपासलेलं अर्थिंग उन्हाळ्यात तसंच असेल असं नाही.

हे आकडे नुसते पुस्तकी नाहीत. मोटारीचं इन्सुलेशन गेलं आणि एक फेज स्टार्टरच्या लोखंडी पेटीला टेकला असं समजा. वीज आता तीन फुटी गजातून मातीत जाणार आणि मातीतून डीपीच्या अर्थिंगला परत. गजाचे २९ ओहम, डीपीचे समजा ५, मिळून ३४. फेजचा दाब २३० व्होल्ट. भागाकार केला तर करंट येतो पावणेसात अँपिअरच्या आसपास. पाच एचपीची मोटार नेहमीच चालताना सात-साडेसात अँपिअर घेते. म्हणजे फ्यूजला यात काहीच वेगळं दिसत नाही. तो उडणार नाही. आणि पेटीवर उभा राहतो १९६ व्होल्टचा दाब, कुणी येऊन हात लावेपर्यंत. ५० व्होल्टच्या वरचा दाब माणसाला धोक्याचा मानतात. ओल्या पायानं, अनवाणी, पेटीचं झाकण उघडणाऱ्या माणसाच्या अंगातून हजार ओहमच्या हिशोबानं जवळपास २०० मिलिअँपिअर जातात. हाताची पकड सुटेनाशी व्हायला दहा-पंधरा पुरतात.

बरं, पुस्तकाप्रमाणं अडीच मीटरचा पाइप घातला तर? १० अधिक ५, पंधरा ओहम. करंट १५ अँपिअर, पेटीवर दाब १५३ व्होल्ट. पेटीत फ्यूज ३२ चा असेल, किंवा तांब्याच्या तारेचे तीन-चार पदर गुंडाळलेले असतील, तर तो याही वेळी उडणार नाही. इथं अनेक वायरमनची गल्लत होते. "अर्थिंग केलंय, आता शॉक लागत नाही" हे अर्धंच खरं आहे. अर्थिंग विजेला वाट देतं, पण वीज तोडण्याचं काम दुसऱ्या कुणीतरी करायचं असतं.

ते काम करते आरसीसीबी. बाजारात हिला ईएलसीबी असंही म्हणतात. हिचं काम सोपं आहे. फेजनं जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलनं परत आला का, एवढंच ती बघते. मध्येच कुठंतरी जमिनीत किंवा माणसाच्या अंगात गळती झाली की हिशोब जुळत नाही आणि ती क्षणात पडते. घरासाठी ३० मिलिअँपिअरची घ्यायची. २०१० च्या नियमावलीत घरगुती जोडणीसाठी ३० आणि इतर ठिकाणी १०० मिलिअँपिअर ही कमाल मर्यादा लिहून आलेली आहे. वरच्या उदाहरणात मुरमाड माळावरचा १९० ओहमचा बेकार गज असला तरी गळती एक अँपिअरच्या वर, म्हणजे हजार मिलिअँपिअरपेक्षा जास्त. आरसीसीबीला पडायला तेवढी कितीतरी पटीनं पुरे. फ्यूजला जे कधीच दिसलं नसतं ते हिला लगेच दिसतं.

आता तक्रार. "बसवली होती, सारखी पडायची, म्हणून काढून टाकली." हे वाक्य दहा घरांतल्या निम्म्या घरांत ऐकायला मिळेल. पडायची, कारण घरात खरोखर गळती होती. स्लॅबच्या पाइपात पाणी गेलेलं, गिझरची कॉइल गेलेली, नाहीतर एका खोलीचा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटमधून उचललेला. दोष दाखवणाऱ्यालाच काढून टाकलं. काही ठिकाणी तर याहून वाईट कारण सापडतं, आणि ते गावाकडं इतकं सर्रास आहे की त्यावर थोडं थांबलं पाहिजे.

डीपीवरून न्यूट्रल गेला, लाइट बंद. मग घरातला हुशार पोरगा न्यूट्रलची वायर काढून अर्थिंगच्या गजाला जोडतो. लाइट लागते! सगळ्यांना बरं वाटतं. काही घरांत हीच कायमची सोय होऊन बसते. मीटर हळू फिरतं अशीही एक समजूत त्यामागं असते. यात होतं काय? हजार वॅटचं पाणी तापवायचं हीटर लावलं की त्याचे ५३ ओहम, गजाचे २९, डीपीचे ५. सगळा करंट गजातून मातीत, आणि गजावर ७७ व्होल्ट. त्या गजाला घरातल्या फ्रिजची, मिक्सरची, पाण्याच्या मोटारीची अर्थिंगची वायर जोडलेली असेल तर त्या सगळ्यांच्या अंगावर ७७ व्होल्ट. आणि गजाची गंजकी तार तुटली तर? हीटरमधून आलेला फेज परतीची वाट शोधत सगळ्या लोखंडी वस्तूंवर पूर्ण २३० व्होल्टनं येऊन बसतो. संरक्षणासाठी टाकलेली हिरवी वायरच मारणारी होते. अशा घरात आरसीसीबी टिकणारच नाही, कारण परत येणारा करंट न्यूट्रलनं येतच नाही. ती पडते ते बरोबरच आहे.

न्यूट्रल गेला असेल तर १९१२ वर तक्रार नोंदवायची आणि नंबर घ्यायचा. उजेड एक रात्र नसला तरी चालतो.

मोटारीसाठी थ्री फेजची चार पोलची आरसीसीबी मिळते. शेतातल्या जोडणीत पुष्कळदा न्यूट्रल आणलेलाच नसतो. अशा वेळी तिचं टेस्ट बटण चालेल की नाही हे तिच्या अंगावरच्या आकृतीवरून बघून घ्यावं लागतं. दुकानदाराच्या "चालतंय हो" वर जाऊ नये. बटण महिन्यातून एकदा दाबायचं. दाबून पडली नाही तर ती भिंतीवरची शोभा. आणि ती सगळ्यातून वाचवते असंही नाही. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरलेल्या माणसाला ती ओळखू शकत नाही, तिच्या लेखी तो बल्बच. शिवाय नुसती आरसीसीबी ओव्हरलोडला पडत नाही, त्यासाठी सोबत एमसीबी हवीच.

फ्यूजबद्दल थोडक्यात. जुन्या घरांत मीटरच्या लाकडी फळीवर दोन किटकॅट दिसतात, एक फेजला, एक न्यूट्रलला. १९५६ च्या नियमांपासून हे मना आहे. न्यूट्रलला सुटा फ्यूज किंवा सुटा स्विच नको. तोडायचं तर दोन्ही एकाच वेळी तुटले पाहिजेत. कारण साधं आहे. न्यूट्रलचा किटकॅट उडाला की पंखा बंद, बल्ब बंद, घरातल्याला वाटतं लाइट गेली, आणि तो बिनधास्त होल्डरमध्ये हात घालतो. फेज मात्र तिथं जिवंतच असतो. बटणाचंही तेच. बटण फेजच्या वायरीत हवं. बटण बंद करून होल्डरला टेस्टर लावा. पेटला तर काम करणाऱ्यानं वायर उलटी टाकलेली आहे.

एमसीबी वायरीला वाचवण्यासाठी असते, हेही उलटंच समजलं जातं. "सोळाची सारखी पडते, बत्तीसची टाक." वायर आहे दीड एमएमची, जी लाइट-पंख्यासाठी असते. तिच्यावर बत्तीसची एमसीबी बसवली की आता एमसीबी पडणार नाही, भिंतीतली वायर तापेल. वायरिंगच्या संहितेत लाइट-पंख्याचं एक सर्किट दहा पॉइंट आणि ८०० वॅटच्या आत ठेवायला सांगितलेलं आहे. गावात नव्या घराला आजही मीटरपासून एकच वायर फिरते आणि तिच्यावरच फ्रिज, मिक्सर, गिरणी, सगळं.

रंगांचा घोळ मात्र नवा आहे, आणि तो मोबाइलनं आणला. वायरिंग शिकणारी पोरं आता व्हिडिओ बघून शिकतात, त्यात वाईट काही नाही. पण व्हिडिओ कुठल्या देशातला आहे हे कुणी बघत नाही. आपल्याकडं घरगुती वायरिंगमध्ये लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थिंग. थ्री फेजला लाल, पिवळा, निळा. अमेरिकेत काळी वायर फेजची असते आणि पांढरी न्यूट्रल. इंग्लंड-युरोपात तपकिरी फेज आणि निळी न्यूट्रल. म्हणजे अमेरिकन व्हिडिओतला काळा आपल्याकडं न्यूट्रल, आणि युरोपातला निळा न्यूट्रल आपल्या मोटारीच्या केबलमध्ये जिवंत फेज. त्यात भर म्हणून मिक्सर, इस्त्री यांच्या दोरीत तपकिरी आणि निळा हाच युरोपचा रंग येतो. एकाच घरात भिंतीत एक रंग आणि दोरीत दुसरा. प्रत्येक देशाचं पुस्तक वेगळं आहे. इंग्लंडचे वायरिंगचे नियम १८८२ पासून चालत आलेले, अमेरिकेची संहिता १८९७ पासूनची, आणि तिकडं घरातल्या साध्या सॉकेटला दाबच १२० व्होल्टचा. त्यांचं त्यांच्यासाठी बरोबर आहे. सबमर्सिबलची चपटी केबल तर बघाच. तिच्यात तीनच वायरी असतात, तिन्ही फेज. अर्थिंगची चौथी वायर पेटीपासून वेगळी आणावी लागते, आणि नेमकी तीच वगळली जाते.

आता त्या कपड्यांच्या तारेकडं परत यावं लागेल.

खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर एका जीआय तारेच्या आधारानं ताणलेली असते. ही जीआय तार घराच्या पत्र्याच्या अँगलला पिळून टाकतात. त्याच अँगलला दुसऱ्या बाजूनं कपडे वाळवायची तार. वाऱ्यानं सर्व्हिस वायर हलते, पत्र्याच्या धारेला घासते, चार-पाच वर्षांत रबर कापलं जातं. कोरड्यात काही कळत नाही. पहिला पाऊस आला, पत्रा ओला झाला, फेज पत्र्यावर, पत्र्यावरून अँगलवर, अँगलवरून कपड्यांच्या तारेवर. खाली ओलं अंगण, ओला कपडा, अनवाणी पाय. या ठिकाणी घरातली आरसीसीबीही उपयोगाची नाही, कारण गळती मीटरच्या आणि तिच्या आधीच झालेली आहे. ती तिला दिसतच नाही. उपाय एवढाच आहे की कपड्यांना नायलॉनची दोरी वापरायची, लोखंडी तार नकोच. सर्व्हिस वायरीची आधाराची तार पत्र्याला थेट न बांधता मध्ये चिनी मातीचा इन्सुलेटर घ्यायचा, आणि वायर पत्र्याला टेकते तिथं पीव्हीसी पाइपाचा तुकडा चढवायचा. पत्र्याच्या शेडच्या सांगाड्याला अर्थिंग द्यायचं. सगळा खर्च हजार-दीड हजाराच्या घरातला.

गोठ्यात कडबाकुट्टीची मोटार हा दुसरा ठरलेला धोका. मोटार सिंगल फेजची, दोन-तीन एचपीची, आणि वायर घरातून खिडकीतून ओढलेली, मध्ये दोन ठिकाणी चिकटपट्टीचे जोड. खाली शेण-मूत. सॉकेटला तीन भोकं आहेत, पण पिनऐवजी दोन वायरी काडीनं दाबून बसवलेल्या. तीन पिनमध्ये अर्थिंगची पिन जाड आणि लांब का असते, तर ती आधी जोडली जावी आणि शेवटी सुटावी म्हणून. काडीनं दाबलं की ती वाट बंदच. जनावर माणसापेक्षा लवकर दगावतं हेही लक्षात असू द्या. त्याचे पुढचे आणि मागचे पाय चार-पाच फूट लांब असतात. जमिनीत वीज पसरली असेल तर त्या दोन जागांच्या दाबातला फरक सरळ त्याच्या अंगातून, काळजातून जातो. पावसात खांबाजवळ, ताणाच्या तारेजवळ बैल कोसळतो आणि हाकणारा वाचतो, ते यामुळं. ताणाच्या तारेला एक तर नीट अर्थिंग हवं, नाहीतर जमिनीपासून किमान तीन मीटरवर इन्सुलेटर हवा, असा नियम आहे. तारेत तो इन्सुलेटर दिसत नसेल तर अर्ज द्यायला शेतकऱ्याला हक्क आहे.

अर्जाचाच विषय निघाला म्हणून आणखी दोन आकडे. रस्ता ओलांडणारी लघुदाबाची तार जमिनीपासून ५.८ मीटर, रस्त्याच्या कडेनं ५.५, आणि रानातून उघडी तार ४.६ मीटरच्या खाली येता कामा नये. घराच्या सपाट छपरावरून अडीच मीटर, भिंतीपासून आडवं १.२ मीटर. उसाची भरलेली ट्रॉली घेऊन जाणाऱ्यानं आणि माडीवर खोली चढवणाऱ्यानं हे आकडे पाठ करावेत. "तारा लोंबकळतात" असा अर्ज आणि "या ठिकाणी तार चार मीटरवर आहे, नियमाप्रमाणे ४.६ हवी" असा अर्ज, यातला दुसरा जास्त वेळ दाबून ठेवता येत नाही.

रानडुकरांसाठी कुंपणात थेट लाइटची तार सोडण्याबद्दल वेगळं सांगायची गरज नसावी, पण आहे. झटका मशीन अगदी क्षणभराचा ठोका देतं, सेकंदाला साधारण एक, आणि मधल्या वेळात हात सुटतो. त्याच्यासाठीही भारतीय मानक आहे. खांबावरची सोडलेली लाइट सलग वाहते आणि धरलेल्याला सोडत नाही. डुकरासाठी लावलेल्या तारेत रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी सापडतो, आणि तार लावणाऱ्यावर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो.

मग हे सगळं बघायचं कुणी? नियमावलीचं उत्तर स्पष्ट आहे. बल्ब, पंखा, फ्यूज, बटण बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली, तर वायरिंगचं काम परवानाधारक विद्युत ठेकेदारानं करायचं, आणि त्यावर सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाची देखरेख हवी. आयटीआयला वीजतंत्री किंवा तारतंत्री केलेला आणि परवाना काढलेला पोरगा हे काम रीतसर करू शकतो. नव्या कनेक्शनला टेस्ट रिपोर्ट लागतो तो याचसाठी. त्या कागदाचा अर्थ असा की ठेकेदारानं घरी येऊन ५०० व्होल्टच्या मेगरनं इन्सुलेशन मोजलं, ते किमान एक मेगओहम भरलं, अर्थिंग मोजलं, पोलॅरिटी बघितली.

प्रत्यक्षात काय होतं ते गावोगाव सगळ्यांना ठाऊक आहे. वायरिंग करतो गावातला झिरो वायरमन, आणि टेस्ट रिपोर्ट तालुक्याच्या गावी दुकानात मिळतो. पैसे द्यायचे, नाव-गाव सांगायचं, शिक्का मारून कागद हातात. घर कुणी बघत नाही, मेगर पेटीतून निघत नाही. यात झिरो वायरमनला शिव्या घालणं सोपं आहे. पण तो रात्री बारालाही येतो, उधारीवर काम करतो, आणि त्याला कुणी शिकवलेलं नाही. खरा दोष न बघता सही करणाऱ्याचा. घरमालकानं एकच करावं. टेस्ट रिपोर्टचे पैसे देताना ठेकेदाराला किंवा त्याच्या माणसाला घरी बोलवावं, मेगर लावून आकडा समोर वाचून घ्यावा आणि अर्थिंगचा आकडा पेनानं डीबीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तारखेसह लिहून ठेवावा. पुढच्या उन्हाळ्यात परत मोजला की फरक दिसतो.

पुस्तकं मिळतात कुठं, हा प्रश्न राहतो. भारतीय मानक ब्युरोच्या संकेतस्थळावर नोंदणी करून आयएस ७३२, आयएस ३०४३ यांसारखी मानकं उतरवून घेता येतात. बीआयएस केअर नावाचं मोबाइल ॲप आहे. वायरीच्या बंडलावर आयएसआय शिक्क्याखाली सीएम/एल आणि पुढं आकडे असतात, ते ॲपमध्ये टाकले की परवाना खरा की खोटा ते कळतं. बाजारात शिक्का छापलेली पण आत निम्मंच तांबं असलेली वायर येते, तेव्हा हे दोन मिनिटांचं काम करावं. पीव्हीसी वायरीवर आयएस ६९४ हा क्रमांक असतो, सॉकेटवर आयएस १२९३. सबमर्सिबल पंप बसवण्यासाठी आयएस १४५३६ आहे. शिकणाऱ्या पोरांसाठी चेन्नईच्या राष्ट्रीय अनुदेशात्मक माध्यम संस्थेची, म्हणजे निमीची, आयटीआयची पुस्तकं जास्त सोपी. चित्रं असतात, प्रॅक्टिकल असतं. थेट संहिता हातात घेतली तर पहिल्या दहा पानांतच डोकं फिरतं.

अडचण भाषेचीही आहे. मानकं मुळात इंग्रजीत. ज्याला ती वाचता येतात तो गोठ्यात वायर ओढायला जात नाही, आणि जो जातो त्याला वाचता येत नाहीत. गंमत अशी की स्थानिक भाषेत लिहा असं नियमावली स्वतः काही ठिकाणी सांगते. धोक्याची पाटी कवटीच्या चित्रासह जिल्ह्याच्या भाषेत हवी, आणि शॉक बसलेल्या माणसाला शुद्धीवर कसं आणायचं याचा तक्ता कारखान्यात, उपकेंद्रात स्थानिक भाषेत दर्शनी भागात लावायला हवा. तक्ता साखर कारखान्यात भिंतीवर सापडेल. पंपघरात, ग्रामपंचायतीत, शाळेत तो लावायला कुणाची ना नाही, खर्च कागदाचा.

आणि इतकं करूनही अपघात झालाच, तर घरच्यांनी एक गोष्ट लगेच करायची असते, जी दुःखात हमखास राहून जाते. सोडवताना आधी मेन स्विच किंवा कोरडं लाकूड, मग माणूस. ते तर आहेच. त्यानंतर तुटलेली तार, जळालेली पेटी, वायरीचा तुकडा जागचा हलवायचा नाही, मोबाइलवर फोटो काढून ठेवायचे, आणि पोलिसांच्या पंचनाम्यासोबत विद्युत निरीक्षक कार्यालयाला कळलंय का ते विचारायचं. माणूस दगावल्याचं कळल्यापासून २४ तासांत वीज कंपनीनं निरीक्षकांना सूचना द्यायची आणि ४८ तासांत लेखी अहवाल द्यायचा, असा २००५ चा केंद्राचा नियम आहे. चूक तारेची होती की घरातल्या वायरिंगची हे निरीक्षकांच्या अहवालात ठरतं, आणि भरपाई मिळणार की नाही हे त्या अहवालावर. निरीक्षक पोचेपर्यंत कुणीतरी "परत कुणाला लागू नये" म्हणून तार गुंडाळून ठेवलेली असते. तार गुंडाळायच्या आधी डीपीवरून सप्लाय बंद करून घ्यायचा आणि तार तिथंच पडू द्यायची.